गळालेला खांब

क्रोशाची सुई मी आयुष्यात एकदाही हातात धरलेली नाही. तरीही नवशिक्या हातांचं क्रोशात कुठं चुकतं, हे मी कुणालाही सांगू शकतो. बहुतेकींची सुरुवातीची साखळीच आवळली जाते. ती इतकी घट्ट होते की पुढच्या ओळीला सुईचं टोक तिच्यात शिरत नाही, आणि बाई सुईलाच दोष देत बसते. मग दोरा चिरतो. तीन पदरांतला एकच पदर आकड्यात येतो आणि उरलेले दोन बाजूला लोंबत राहतात. पण हे सगळं दुरुस्त होणारं आहे. क्रोशाइतकं सहज उसवणारं दुसरं काम नसेल. एक टोक ओढलं की दिवसभराची मेहनत सरसर सुटते आणि पुन्हा नुसता दोरा हातात येतो.

एक चूक मात्र अशी आहे की ती करणाऱ्याला करताना कळत नाही. ओळीच्या काठाला एक खांब, म्हणजे एक उभा टाका, गळतो. पुढच्या ओळीला आणखी एक. प्रत्येक टाका सुबक असतो, कुठं गाठ नसते, भोक नसतं, आणि तरी हातातला चौकोन वर जाता जाता निमुळता होत जातो. मला लिहायचं आहे ते या चुकीबद्दल, कारण ती मी शिकवली. अठरा बायकांना शिकवली. आणि शिकवून झाल्यावर ती माझ्या थोरल्या बहिणीच्या नावावर चढवली.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली आहे. आमचं गाव तामलवाडीपासून चार-पाच मैल आत. तेव्हा गावात ज्याला हात होते तो खडी फोडत होता. गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. मी मॅट्रिक झालेला होतो, म्हणून माझ्या हातात घण न येता हजेरीचा कागद आला. सकाळी मी नावं पुकारायचो आणि खुणा करायचो. माझ्यापेक्षा दुपटीनं मोठी माणसं मला "व्हय जी" म्हणायची. तेव्हा माझं वय बावीस होतं. त्या "व्हय जी"नं माझं काय झालं हे मला फार उशिरा कळलं.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला सोलापुरात दिलं होतं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि आक्का पत्र्याची एक पेटी घेऊन आमच्याकडं परत आली. त्या पेटीत दोन लुगडी, एक आरसा आणि क्रोशाच्या तीन सुया होत्या. सोलापूरच्या चाळीत शेजारी मिशनच्या शाळेतल्या एक बाई राहायच्या, त्यांनी तिला हे काम शिकवलं होतं. खडीवर दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया बाभळीच्या विरळ सावलीत आडव्या व्हायच्या आणि आक्का पेटीतला जुना दोरा काढून लेस घालत बसायची. बघता बघता तिच्याभोवती कोंडाळं जमायला लागलं.

त्या काळात आमच्या भागात कशाचीही सहकारी संस्था निघायची. दुधाची होती, कोंबड्यांची होती, आणि पीककर्जाची सोसायटी तर होतीच. सोसायटीच्या चेअरमनच्या मालकिणीनं आक्काची लेस बघितली आणि महिनाभरात बायकांच्या विणकामाच्या संस्थेचा ठराव झाला. मालकीणबाई अध्यक्ष झाल्या. लिहिणारा कुणीतरी हवा म्हणून सचिव मी झालो. जिल्ह्याहून एक अधिकारी बाई येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, "शिकवणारीनं स्वतः केलेलं मला दाखवू नका. गावातल्या बायकांनी केलेला एक टेबलक्लॉथ करून दाखवा. तो बरा झाला तर इथं कायमचं केंद्र देता येईल, आणि त्यावर एक मानधनाची शिक्षिका."

ती शिक्षिका आक्का असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आक्काच्या दृष्टीनं प्रश्न सरळ होता. सोलापूरहून सारखे निरोप येत होते. दुसरीला दिवस गेले होते, घरात राबायला माणूस हवं होतं. आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा वाईट नव्हते, पण एका दुष्काळात किती तोंडं घरात ठेवायची याचा त्यांचा हिशेब ठरलेला होता. एकदा जेवताना ते म्हणाले, "केंद्र झालं तर ऱ्हा बाई खुशाल. न्हाय झालं तर त्यांचं माणूस त्यांच्या घरी गेलेलं बरं." आक्का भाकरी मोडता मोडता "व्हय" म्हणाली.

वर्ग शाळेच्या ओट्यावर भरायचा. काम सुटलं की बाया हातपाय न धुताच यायच्या, कारण धुवायला पाणी नव्हतं. बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. खडीचे कपचे लागून एकीचंही बोट धड नव्हतं. पहिले आठ दिवस नुसती हसाहशी झाली. घणाला सरावलेल्या मुठींत ती काडीएवढी सुई कुणी खुरप्यासारखी धरी, कुणी उलथन्यासारखी. साखळ्या तर अशा आवळल्या जायच्या की जणू मोट बांधायची होती.

त्यांत बुद्धवाड्यातली एक वयस्कर बाई होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीसुद्धा. नवरा वारलेला, एक पोरगा पुण्याला बांधकामावर. तिची जीभ तिखट होती आणि हात आश्चर्य वाटावं इतका हुशार. पहिल्या दिवशी तिनं सुई उलटसुलट करून बघितली आणि आक्काला म्हणाली, "हळू धर म्हणतीस, पर माझ्या हातास्नी हळू कधी कुणी शिकवलंच न्हाय गं."

"दोरा पळून जात न्हाय, मावशी," आक्का म्हणाली. "सोडा त्याला जरा."

"आजवर जे सोडलं ते पळूनच गेलंय की."

बाया हसल्या. आक्काही हसली. ती परत आल्यापासून इतकं मोकळं हसताना मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

खरी अडचण पुढं आली. क्रोशाची ओळ सुरू करताना आधी तीन साखळ्या वर चढवायच्या असतात. या तीन साखळ्या खांबाएवढ्या उंच होतात आणि पहिला खांब म्हणूनच धरायच्या असतात. पण दिसायला तो खांब नसतो. बाया त्याला मोजायला विसरायच्या, किंवा मोजून पुढच्या ओळीला त्याच्यावर खांब घालायला विसरायच्या. चोवीस खांबांची ओळ कधी तेवीस व्हायची, कधी पंचवीस. आक्कानं दोन दिवस सांगून बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला एक सुचलं.

आमच्याकडं खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. घरची ज्वारी मापणारी बाई असो की दुसऱ्याच्या खळ्यावरची मजूर, ही मोजणी तिच्या तोंडात बसलेली असते. आक्का म्हणाली, "ह्या तीन साखळ्या म्हंजी लाभ. त्याला एक म्हणायचं न्हाय, पर मापात तो धरायचा. लाभ झाला की खालचा पैला खांब सोडून पुढच्यावर घाला, त्यो दोन. असं चोवीसपातूर. आन् ओळ सरताना मागच्या ओळीचा लाभ उपाशी ठिवायचा न्हाय. त्याच्या डोक्यावर बी एक खांब द्यायचा."

कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ओट्यावर अठराजणी एका सुरात मोजायला लागल्या. लाभ, दोन, तीन, चार. मावशी म्हणाली, "आमी जलमभर दुसऱ्याच्या खळ्यावर लाभ म्हणत आलो. पैल्यांदाच आमच्या हातात पडला." त्या दिवसापासून चौकोन चौकोनासारखे व्हायला लागले. रूढ रीत अशीच आहे, हे मला फार पुढं एका जाणत्या बाईंकडून कळलं. फक्त पुस्तकात तिला लाभ म्हणत नाहीत.

मला मात्र त्या मोजणीची लाज वाटायची. खरं कारण सांगायचं तर लाज आणि मत्सर दोन्ही. मी चार पुस्तकं वाचली होती, भोळ्या समजुतींबद्दल माझी ठाम मतं होती. जिल्ह्याच्या बाई आल्या आणि त्यांच्यासमोर या लाभ लाभ करायला लागल्या तर आपलं गाव किती अडाणी दिसेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण त्याखाली दुसरंही काही होतं. खडीवर या बायका माझ्या कागदाला घाबरायच्या, आणि ओट्यावर मी आलो तरी त्यांची मान वर व्हायची नाही. तिथं त्या आक्काच्या होत्या. कारकुनाचं तिथं काही काम नव्हतं.

अधिकारी बाईंनी दोऱ्याच्या गठ्ठ्याबरोबर एक छापील पत्रक पाठवलं होतं. आक्काला अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण तिला त्याची गरज पडली नाही. मी ते चारदा वाचलं. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, "सुरुवातीच्या तीन साखळ्या खांब म्हणून मोजू नयेत." मला हर्ष झाला. आक्का चुकतेय याचा तो हर्ष होता. तो मी ओळखला होता, एवढं तरी आज कबूल करतो.

टेबलक्लॉथ छत्तीस चौकोनांचा ठरला होता. एकेकीनं दोन चौकोन घरी घालायचे आणि शेवटी सगळे जोडायचे. चौकोन सुरू झाले आणि सोलापूरहून निरोप आला की आक्काची सासू वारली. चौदावा होईपर्यंत तिला तिथं राहणं भाग होतं. निघताना ती मला म्हणाली, "नवं काय सांगू नको बघ त्यास्नी. चाललंय तसंच चालू दे. तू नुस्ता दोरा दे मोजून."

मी बरं म्हणालो.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पत्रक घेऊन ओट्यावर उभा राहिलो. म्हणालो की संस्थेचं काम शास्त्रशुद्ध झालं पाहिजे. ते लाभबिभ बंद. तीन साखळ्या म्हणजे खांब नव्हे, ती नुसती चढायची शिडी. ती मोजायची नाही आणि पुढच्या ओळीला तिच्यावर काही घालायचंही नाही. खांबावर खांब घालत जा, मोजत बसायची गरज नाही.

मावशीनं विचारलं, "आन् खालचा पैला खांब? त्यो सोडायचाच का?"

तो प्रश्न अगदी नेमका होता. सगळं त्या प्रश्नावर अवलंबून होतं. पत्रकात पुढच्याच ओळीत त्याचं उत्तर होतं की साखळ्या मोजायच्या नसतील तर अगदी पहिल्या खांबातही खांब घालावा. ती ओळ मी वाचली होती, पण मला तिचा अर्थ लागला नव्हता, कारण हातानं कधी काही केलंच नव्हतं. मी म्हणालो, "ते आक्कानं सांगितलंय तसंच."

म्हणजे मी आक्काच्या रीतीतली मोजणी काढून टाकली आणि सोडणं तेवढं ठेवलं. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर होत्या. मी एकीचं डोकं घेतलं आणि दुसरीचे पाय. दर ओळीला एक खांब गळायला लागला.

चार दिवसांनी खडीवर हजेरी चालू असताना मावशीनं पदराखालून चौकोन काढला. "कारकून, हे वर निमुळतं व्हायलंय. खाली चोवीस हायत, हितं मोजले तर अठराच भरत्यात."

"मोजू नका म्हटलं होतं ना?"

"मोजलं न्हाय तरी डोळ्यास्नी दिसतंय की."

"तुम्ही हात आवळता, मावशी. सैल घाला."

"हात तर तोच हाय. मागल्या आठवड्यात सरळ येत हुतं." मग ती म्हणाली, "आक्का येईपातूर लाभावरच घालू का आमी?"

"हे संस्थेचं काम आहे. खळ्यावरचं नाही."

मी तिला दरडावलं नाही. धमकी तर मुळीच दिली नाही. पण बोलताना माझ्या एका हातात हजेरीचा कागद होता आणि दुसऱ्या हातात पेन होतं. मावशीनं त्या पेनाकडं बघितलं आणि चौकोन परत पदराखाली घेतला. "बरं," म्हणाली, "तुमी शिकलेलं माणूस."

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. प्रत्येकीला दिसत होतं की चौकोन आत चाललाय, आणि मला विचारायची सोय राहिली नव्हती. मग जिनं तिनं आपापल्या झोपडीत बसून आपापला उपाय काढला. कुणी ओळीच्या शेवटी एकाच टाक्यात दोन खांब कोंबले. कुणी मध्येच वाढवले. कुणी दोरा इतका सैल सोडला की जाळी जाळीच राहिली नाही. एकीनं बाजूनं वेगळी पट्टी घालून शिवून टाकली. काहींनी मी सांगितलं तसंच इमानानं शेवटपर्यंत घातलं, आणि त्यांचे चौकोन खाली चोवीस आणि वर बारा असे सुपासारखे झाले.

आक्का आली ती तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी. तिच्या मागं मी ते छत्तीस तुकडे गोळा करून सतरंजीत बांधून ठेवले होते. उघडून बघायचं मला धैर्य होत नव्हतं. तिनं सतरंजी पसरली आणि एकाला एक लावायला सुरुवात केली. पहिल्या दोन तुकड्यांवरच तिचे हात थांबले. तिनं एक चौकोन उचलून ओळी बघितल्या, दुसरा बघितला.

"लाभ कुणी काढला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "मला काय माहीत. बायाच त्या. ध्यान नसतं त्यांचं."

हे पहिलं खोटं. ते सांगायची काही गरज नव्हती, कारण दुपारी ती मावशीकडं गेली आणि तिला सगळं कळलं. संध्याकाळी परत आली तेव्हा ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. चुलीपाशी बसून ती म्हणाली, "उद्या बाईस्नी आठ दिवस मागून घे. म्हण की मदी शिकवणारी न्हवती, आमच्याकडून उलटं सांगितलं गेलं. एवढंच म्हण. आठ दिवसांत समद्या उसवून नव्यानं घालत्यात. त्यास्नी येतंय."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी शाळेत टेबल मांडलं होतं. चेअरमन, मालकीणबाई, अधिकारी बाई खुर्च्यांवर, अठराजणी खाली, आणि आक्का दाराशी उभी. रात्रीतून जेवढं जोडता येईल तेवढं तिनं जोडलं होतं. टेबलावर ते पसरलं तेव्हा एका बाजूला फुगलं, दुसऱ्या बाजूला ओढ बसून मध्ये उभी सुरकुती आली. पांढरा दोरा खडीच्या धुळीनं तांबूस झालेला. धुवायला पाणी नव्हतं, हेही कुणी बोललं नाही. अधिकारी बाईंनी दोन तुकड्यांवर पट्टी लावून बघितली. त्या तुसड्या नव्हत्या. त्यांचा स्वर जवळजवळ हळहळल्यासारखाच होता.

"टाके छान आहेत हो. पण यात एक माप दुसऱ्याला लागत नाही. शिकवलं कुणी?"

चेअरमननी दाराकडं हात केला. "ह्या. आमच्या सचिवांच्याच भगिनी."

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या इतिवृत्ताच्या वहीत तारीख लिहीत होतो. तारीख लिहून झाली होती, तरी मी तीच गिरवत होतो.

तेव्हा मावशी खालून म्हणाली, "बाई, ह्यात मदी पंधरा दिस आक्का हितं न्हवती. तवा—"

"मावशी, तुम्ही थांबा," मी म्हणालो. "विचारल्याशिवाय बोलू नका."

मावशी थांबली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी सकाळीच मी त्या सगळ्यांची हजेरी मांडली होती आणि दुसऱ्या दिवशी परत मांडणार होतो.

आक्का काही बोलली नाही. ती का बोलली नाही यावर मी पुढं वर्षानुवर्षं विचार केला. माझी ती कारकुनी गेली असती तर आमच्या घराचं काय झालं असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. किंवा मी बोलेन अशी तिला शेवटपर्यंत आशा होती, आणि ती आशा संपेपर्यंत वेळही संपली.

अधिकारी बाई जाताना एवढंच म्हणाल्या की हा नमुना पुढं पाठवता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू. कारण त्यांनी सांगितलं नव्हतं, कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ते मी केलं. इतिवृत्तात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "शिक्षिकेस खांब मोजण्याचे पुरेसे ज्ञान नसल्याने नमुना अयोग्य ठरला." चेअरमननी सही केली. मालकीणबाईंनी अंगठा दिला. आजवर मी पुष्कळ कागद लिहिले, त्या एका वाक्याइतकं सरळ, खाडाखोड नसलेलं वाक्य क्वचितच लिहिलं असेल.

केंद्र शेजारच्या तालुक्यात गेलं. पुढचं वर्ष आलं, पण तोवर आमची संस्था कागदावरही उरली नव्हती. मावशी त्याच उन्हाळ्यात पोराकडं पुण्याला गेली आणि तिकडंच खपली. जाताना ती मला भेटली नाही. भेटायचं काही कारणही नव्हतं.

आक्काला मी तामलवाडीच्या फाट्यावर सोलापूरच्या गाडीत बसवून आलो. तुळजापूरहून येणारी गाडी भक्तांनी भरलेली होती, पेटी टपावर टाकावी लागली. गाडी यायच्या आधी आम्ही तासभर एका दगडावर बसून होतो. तिनं मला एकच गोष्ट विचारली. "तू न्हाय बोललास ते ऱ्हाऊ दे. मावशीला का गप केलंस? तिला तरी बोलू द्यायचं."

मी पेटी उचलून रस्त्याकडेला नेऊन ठेवली. गाडी आली.

सोलापुरात ती सवतीची तीन पोरं सांभाळत आणि विड्या वळत राहिली. मी पुढं सहकार खात्याच्या परीक्षा दिल्या, गावोगावच्या सोसायट्यांत सचिव म्हणून फिरलो, काही वर्षं माकणीकडं होतो. माझं चांगलं चाललं. दर दिवाळीला मी तिला लुगडं नेऊन द्यायचो. ती ते घ्यायची, चहा करायची, पोरांना मामाच्या पाया पडायला लावायची. सुया मला तिच्या घरात कधी दिसल्या नाहीत.

सांगायला मला बारा वर्षं लागली. तिला तेव्हा दम्यानं घेरलं होतं. तंबाखूच्या धुळीचा दमा. माझ्यासमोर बसून ती विडीची पानं कातरत होती, आणि मी सगळं सांगितलं. पत्रकाचं, हर्षाचं, इतिवृत्तातल्या वाक्याचं. वाक्याचं तिला ठाऊक नव्हतं. ते ऐकून तिची कातर क्षणभर थांबली.

"असं लिवलंस?" ती म्हणाली.

"लिहिलं."

"मला वाटलं, तू नुस्ता गप बसलास."

मी म्हणालो की गावात जाऊन सगळ्यांना सांगतो, चेअरमनना सांगतो, चूक माझी होती म्हणतो. तिनं पान उचललं. "सांग की," म्हणाली. "पर मला आता कोण बोलवायचंय तिथं?" मग तिला खोकला आला आणि बोलणं तिथंच राहिलं. दोन वर्षांनी ती गेली.

मी गावात सांगितलं. खरंच सांगितलं. चेअरमन तेव्हा थकले होते, अंगणात बाजेवर पडलेले असायचे. विणकामाची संस्था म्हटल्यावर त्यांना काही आठवेना. मग हळूहळू आठवलं. "व्हय व्हय," म्हणाले, "तुझ्या बहिणीला मोजता येत न्हवतं. त्यापायी गेलं बघ ते."

मी म्हणालो, "तिला येत होतं. चुकीचं मी शिकवलं. तिचं नाव मी लिहिलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. मायेनं हसले. "बहीण हाय. तू असंच म्हणणार."

त्या अठरांतल्या ज्या दोन-तीन अजून गावात आहेत, त्यांनाही भेटलो. एकीला काहीच आठवत नव्हतं. दुसरीला ओटा आठवत होता, हसाहशी आठवत होती. निमुळते चौकोनही आठवत होते. "आक्काचं कायतरी चुकलं हुतं," ती म्हणाली, "पर बाई लई गुणाची." मी पुन्हा सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि शेवटी शेजारणीला म्हणाली, "बघ, भाऊ असावा तर असा. मेलेल्या बहिणीचं बी अंगावर घेतो."

आता माझी पन्नाशी आली आहे. दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या की आमच्या गावात अजूनही कुणीतरी म्हणतं की इथं केंद्र व्हायचं होतं, पण शिकवणारीला नीट येत नव्हतं. संस्था विसरली गेली, चेअरमन गेले, ओट्याची शाळा पडून नवी झाली. माझं ते एक वाक्य मात्र कुणी न वाचताही तोंडोतोंडी टिकलं आहे. मी दर वेळी मध्ये पडून ते खोडायला जातो. आणि मी जितकं ठासून सांगतो, तितका गावात माझा चांगुलपणा वाढतो.